नवा अंक बाकावरच वाचायचा

कवितेच्या वर्गात पहिल्या दिवशी विचारलं जातं, तुम्हाला शब्दांचं वेड कुणी लावलं. विद्यार्थिनी होते तेव्हा हा प्रश्न मला विचारला गेला. आता शिकवते, तर मीच विचारते. कुणी पाळण्यापाशी ऐकलेल्या गाण्यांचं नाव घेतं, कुणी घरातल्या ग्रंथसंग्रहाचं. माझं उत्तर ऐकून समोरचा माणूस किंचित हसतो आणि खऱ्या उत्तराची वाट पाहत राहतो. तेच खरं उत्तर असतं. मला शब्दांचं वेड लावलं भिलाईच्या कॅम्प-१मधल्या कॉमिक्सच्या दुकानाने, मुखवटे घालून हवेत झेपावणाऱ्या माणसांनी आणि त्यांच्या तोंडून निघणाऱ्या पांढऱ्या फुग्यांतल्या हिंदीने. हे उत्तर मी मागे घेणार नाही.

राज्य तेव्हा नुकतंच नवं झालं होतं. दुकानांच्या पाट्यांवरचा जुना प्रदेश खरवडून त्या जागी नवं नाव रंगवणं चालू होतं आणि खरवडलेल्या जागी जुनी अक्षरं पुसट दिसत राहत. कॉमिक्सचं दुकान पिठाची गिरणी आणि सायकल दुरुस्ती यांच्या मधल्या बोळाएवढ्या जागेत होतं. एकीकडून गव्हाच्या पिठाचा ऊबदार वास यायचा, दुसरीकडून पंक्चरच्या सोल्युशनचा डोक्यात चढणारा, आणि या दोहोंच्या मध्ये स्वस्त कागदावरच्या शाईचा वास, जो मला आजही कुठल्याही अत्तराहून मादक वाटतो. ताणलेल्या तारेवर कपड्यांच्या चिमट्यांनी अंक लटकवलेले असत. वारा आला की लाल, पिवळे, जांभळे महानायक एकमेकांवर फडफडत आदळत.

दुकानाचा एक कायदा होता. जुनं कॉमिक्स भाड्याने घरी नेता येई, नवा अंक मात्र बाहेर जात नसे. तो तिथेच, दुकानासमोरच्या लाकडी बाकावर बसून वाचायचा. पुष्कळ हातांतून फिरून मुखपृष्ठाचा कडकपणा गेला, कोपरे कापडासारखे मऊ झाले, की मगच अंकाला घराची वाट मोकळी होई. आणि त्या बाकावर मुली बसत नसत. हा दुसरा कायदा कुणी केला नव्हता, कुठे टांगलेला नव्हता. म्हणूनच तो मोडायला जास्त कठीण होता.

मला त्याची झळ लागत नसे, कारण मोठा भाऊ अंक आणून देई. त्याच्या हातून एकदा ती आली. निळ्या झग्यातली. दिवसा टेलिफोनच्या कचेरीत मान खाली घालून तारा जोडणारी एक साधी मुलगी. दुसऱ्यांची गुपितं तिच्या कानांवरून वाहत जात. संध्याकाळी ती मुखवटा चढवी आणि ज्यांच्या हाका कुणी ऐकल्या नव्हत्या त्यांच्यापर्यंत पोचे. तिला उडता येत नव्हतं. पोलाद वाकवता येत नव्हतं. ती फक्त भिंतीपलीकडचं ऐकू शके. बाकीच्या महानायकांपुढे तिची शक्ती किरकोळ होती आणि भाऊ तिला हसत असे. मी मात्र तिला पाहताक्षणी ओळखलं. कारण मीही दोन जगांत राहत होते. उंबऱ्याच्या आत मराठी, तीही 'मले-तुले'ची. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी. शाळेत आडनाव विचारलं की मी ते पटकन आणि पुसट उच्चारत असे आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत काय उमटतं ते निरखत असे. मुखवटा म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तो अंक फाटका म्हणून दुकानदाराने भावालाच देऊन टाकला होता. घरी तो आईच्या हाती लागला. आई चौथीपर्यंत शिकलेली. अक्षरांवरून बोट फिरवत ती सावकाश वाची, पण त्या दिवशी तिने वाचलं नाही, फक्त पाहिलं. गडद निळा झगा आणि पुढे उगारलेलं बोट. आमच्या घरात त्या निळ्याला एकच अर्थ होता. तो आमच्या झेंड्याचा रंग, विहाराच्या दाराचा रंग, जयंतीच्या मिरवणुकीत आमची अख्खी गल्ली ल्यायची तो रंग. तिला वाटलं, जयंतीनिमित्त वाटलेली एखादी पुस्तिका असावी, आपल्याच कुण्या शूर बाईची. तिने तो अंक पदराने पुसला आणि फळीवर, बुद्धमूर्तीच्या शेजारी नीट उभा करून ठेवला. संध्याकाळी मेणबत्ती लागली तेव्हा टेलिफोन कचेरीतल्या त्या मुलीच्या मुखवट्यावर तिचा उजेड हलत होता. भावाने उशीत तोंड खुपसलं आणि तो खांदे गदगदवत हसत राहिला.

पुढे आईला कळलं. बाबांनीच सांगितलं, जरा चिडवत, की तू कॉमिक्सला वंदन करून राहिली. मग आईने मला ते पुस्तक वाचून दाखवायला लावलं, पहिल्या पानापासून शेवटच्या चौकटीपर्यंत. शेवटच्या चौकटीत भर बाजारात खलनायक तिचा मुखवटा फाडतो. सगळं शहर तिचा चेहरा पाहतं, आणि भाग पहिला संपतो. आईने अंक माझ्या हातून घेतला आणि पुन्हा फळीवर ठेवला. बाबांना ती एवढंच म्हणाली, "राहू द्या. वाईट तं काही केलं नाही तिनं."

मग भाऊ आयटीआयसाठी नागपूरला मामाकडे गेला, आणि पंधरवड्याच्या आत दुकानाच्या तारेवर भाग दुसरा लागला. मी शाळेतून येताना तो पाहिला. निळा झगा, आणि चेहऱ्याच्या जागी दुकानदाराने लावलेला चिमटा.

आता तिचं काय होणार? हे मला ठाऊक व्हायला हवं होतं, आणि ते ठाऊक होण्याची जागा जगात एकच होती, तो बाक. अंक मऊ पडून घरी येण्यायोग्य होईपर्यंत थांबणं शक्य होतं असं कुणी म्हणेल. ज्याने असं थांबून पाहिलं नाही तोच असं म्हणू शकतो. उघड्या चेहऱ्याने भर बाजारात उभ्या असलेल्या मुलीला मी तसंच उभं ठेवून जेवायचं कसं?

इथे मला माणसं एक वाक्य ऐकवतात, पुष्कळदा, आणि मोठ्या मायेने. पोलादाच्या गावात जन्मलीस, तुझे वडील भट्टीवर काम करायचे, मग कागदी महानायक कशाला हवेत? खरा महानायक तर घरातच होता. मी हे वाक्य नाकारते. बाबा रात्रपाळी करून सकाळी येत, खिडकीला घोंगडी लावून काळोख करत आणि झोपत. त्यांच्या कपड्यांना जळक्या कोळशाचा आणि लोखंडाचा वास असे, भुवया कायम अर्ध्या करपलेल्या. त्यांच्यावर माझं निरतिशय प्रेम होतं. पण त्यांना महानायक म्हटलं की त्यांचा थकवा सुंदर दिसू लागतो, आणि थकवा सुंदर नसतो. महानायक संकटाकडे स्वतःहून झेपावतो. बाबा पाळीच्या भोंग्यावर जात. मला हवं होतं असं कुणीतरी, ज्याला कुणी पाठवत नाही आणि तरी जो जातो. माझ्या माणसांच्या आयुष्यात जे नव्हतं तेच तिथे रंगांत छापलेलं होतं, म्हणून तर मी तिथे जात होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बाकावर जाऊन बसले.

बाकावर त्या वेळी दोघे होते. एक हथखोजच्या कारखान्यातला वेल्डर, उतईहून सायकलने येणारा. त्याचे डोळे नेहमी लाल असत. त्याचा आवडता महानायक हातांतून ठिणग्या सोडी आणि त्याचे हात कधी भाजत नसत. दुसरा कॉलेजातला दादा, ज्याची परीक्षा दरवर्षी राहून जाई. त्याला आवडे तो डोळे मिटताच कुठूनही नाहीसा होणारा. दोघांचा रोजचा वाद असे, समोरासमोर आले तर कोण जिंकेल. आणि या वादात ते इतके गंभीर होत की मधे गिरणीवालाही पट्टा थांबवून मत देई. मी बसले तसा वाद थांबला.

दुकानदाराने मान बाहेर काढली. त्याने रागावून सांगितलं नाही, घरच्यासारखं सांगितलं. "नोनी, तोर भाई ला भेज दे." पोरी, तुझ्या भावाला पाठव.

भाई नागपूरला आहे, मी म्हटलं, आणि तारेवरच्या निळ्या झग्याकडे बोट केलं.

कॉलेजातला दादा हसला. ती तर सगळ्यांत कमजोर आहे, तो म्हणाला, तिला कुणीही बदडेल, आणि आता तर मुखवटाही गेला. माझे कान तापले. मी त्याला विचारलं, नाहीसं होण्यात कसली बहादुरी? तुमचा तर पळतो. माझी राहते. वेल्डर खोकला की हसला, कळलं नाही. पण तो बाकावर थोडा सरकला, आणि दुकानदाराने चिमटा काढून अंक माझ्या हातात दिला. पानं अजून कडक होती, उलटताना कुरकुरत होती. शाईचा वास ताजा होता.

मी चौथ्या पानावर असताना आई आली. उशीर झाला म्हणून शोधत निघाली होती. हाताला अजून कणीक लागलेली. बाकाकडे, त्यावरच्या पुरुषांकडे आणि मग माझ्याकडे तिने पाहिलं.

"कावून बसली इथं? घरी जागा नाही का तुले?"

मी उठले नाही. उठावंसं वाटलं, पाय उठायलाच निघाले होते. तरी उठले नाही. नवा अंक घरी देत नाहीत, मी म्हटलं, आणि मले वाचाचं हाय. भर बाजारात, उंबऱ्याबाहेर, मी माझ्या घरातली मराठी बोलत होते, हे मला बोलून झाल्यावर जाणवलं. कॉलेजातला दादा तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत होता.

आईने अंकावरचा निळा झगा ओळखला. तिचा आवाज खाली आला. "तिचंच हाय का? काय झालं तिचं?"

"वाचूनच राहिली न मी."

आई बसली. वेल्डर आणि माझ्या मधे जागा नव्हती. वेल्डरच उठला आणि गिरणीच्या पायरीवर जाऊन टेकला. "मोठ्यानं वाच," आई म्हणाली.

मी मोठ्याने वाचलं. तारा जोडणाऱ्या मुलीला कचेरीतून काढतात. शेजारी दारं लावून घेतात. तरी ती उघड्या चेहऱ्याने बाहेर पडते, कारण भिंतीपलीकडून कुणीतरी हाक मारत असतं, आणि ऐकू येणं काही मुखवट्याबरोबर फाटून जात नाही. ते पान मी वाचलं तेव्हा गिरणी चालू होती की बंद, मला आठवत नाही; माझ्या आठवणीत तिथे पूर्ण शांतता आहे. आणि मग शेवटचं पान आलं. एक जटाधारी साधू प्रकटतो, हवेत राख उधळतो, सगळं शहर तिचा चेहरा विसरतं. तो तिला नवा मुखवटा देतो. ती वाकून तो घेते आणि चढवते. समाप्त.

वेल्डरने समाधानाने मान हलवली. बरं झालं, तो हिंदीत म्हणाला, नाहीतर गुंड तिच्या घरापर्यंत पोचले असते; चेहरा झाकून काम करणाऱ्यालाच चेहऱ्याची किंमत कळते. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण आई अंकाकडे पाहत होती, कुणी तिला फसवलं असावं तशी.

"एवढं झाल्यावर पुन्हा तोंड झाकाचं? कावून?"

तिने कुणालाच विचारलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी उत्तर दिलं. दादा म्हणाला, मुखवट्याशिवाय महानायक कसला. दुकानदार म्हणाला, पुढचा अंक काढायचा असतो त्यांना, म्हणून. वेल्डरने आपलं पुन्हा सांगितलं. आईने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि आपल्या मोडक्या हिंदीत, कणकेचा हात झग्यावर ठेवून, ठामपणे म्हणाली की लिहिणारा चुकला आहे. राख उधळायला नको होती. लोकांना आठवू द्यायचं होतं.

कॉमिक्सवर माणसं प्रेम का करतात, हे मला त्या बाकावर उमगलं, आणि नंतर वाचलेल्या कशानेही ते पुसलं नाही. आम्ही त्या महानायकांचे भक्त नव्हतो. भक्त शेवट मान्य करतो. आम्ही त्यांच्याशी, त्यांच्या लिहिणाऱ्याशी, एकमेकांशी भांडत होतो, कारण तो चेहरा आमचा होता आणि त्याचं काय करायचं हे ठरवण्याचा हक्क आम्हाला हवा होता. कवितेकडे मी हाच हक्क घेऊन आले. कुणी मला सांगितलं की ओळ इथे संपते, की मी आधी विचारते, कावून?

घरी जाताना आई बाकावर पुन्हा बस म्हणाली नाही, बसू नको असंही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पुन्हा जाऊन बसले. त्या दिवशी कुठलाही नवा अंक आलेला नव्हता.