न खाणाऱ्याच्या हातचा बांगडा

फणसवाडीतल्या आमच्या इमारतीच्या जिन्यावर माझा पाय सरकला, तेव्हा डोकं वाचवायला मी दोन्ही हात पुढे केले. डोकं वाचलं, हात गेले. उजव्याला कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर, डाव्याला कोपराच्या खाली. डाव्याची बोटं तेवढी बाहेर, तीही अशी सुजलेली की पेल्याला नुसती टेकायची, उचलायची नाहीत.

"आता हाडं भरून यायची असतील तर पोटात चांगलं जायला हवं," डॉक्टर म्हणाले. "दूध, अंडी, नाचणी. मासे खाता का?"

"खाते की," मी म्हटलं. हात मोडल्यापासून मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या नवऱ्याने मान खाली घातली.

मी लालबागची, मूळची मालवणची. तो गिरगावातला, आणि त्याच्या घरात कधी अंडंसुद्धा उंबरठ्याच्या आत आलं नव्हतं. आम्ही प्रेमात पडलो, लग्न केलं, भांडणं मिटवली. एक माशांचा प्रश्न तेवढा तहावर सुटला. रविवारी मी माझ्या वेगळ्या तव्यावर मासे तळायचे, आणि तेवढा वेळ तो चौपाटीवर फिरायला जायचा. परत आला की दारातच एकदा नाक वर करून बघायचा आणि पंखा लावायचा. तक्रार कधी केली नाही. मीही कधी "एकदा खाऊन तर बघ" म्हटलं नाही.

तर आता या माणसाच्या हातून मला जेवायचं होतं.

पहिला धडा चहाचा. कपाने ओठ भाजले, स्ट्रॉने जीभ भाजली. मग त्याने चहा बशीत ओतला आणि बशी माझ्या तोंडाला लावली. त्याने ती जरा लवकर तिरकी केली, आणि चहा हनुवटीवरून गळ्यात. मी हसले तसा तोही हसला, बशी हलली, आणि उरलेला चहा त्याच्या लेंग्यावर.

"अरे, मला पाज, स्वतःला नको!"

"तू हसू नकोस मग. बशी काय माझ्या एकट्याच्या ताब्यात आहे का?"

दोन-चार दिवसांत आम्हाला ताल सापडला. मी भुवया उंचावल्या की बशी तिरकी, डोळे मिटले की सरळ. बशीतला तो चहा मला इतका आवडायला लागला की मी दुपारी दोनदा मागायची.

जेवण त्याला जमेल तसं तो करत होता. मऊ भात, वरण, तूप, लिंबू. नाचणीची पेज. दुधीचं सूप, ज्यात तो मिरी घालायला विसरायचा. त्याच्या बहिणीने डिंकाचे लाडू पाठवले होते. सगळं चांगलंच होतं. फक्त त्याला बोलायची सवय. चाळीतल्या कुणाचं तरी सांगायला लागला की चमचा माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर थांबायचा आणि गोष्ट संपेपर्यंत तिथेच राहायचा. तो शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला. हवेत हात धरून बोलायची सवय तिथलीच असणार.

एका शनिवारी लालबागहून वहिनी आली, माझ्या धाकट्या भावाची बायको. पिशवीतून डबा काढला आणि झाकण उघडताच मला तिरफळाचा वास आला. बांगड्याचं तिखलं, आमचं मालवणी कालवण! वहिनीने हात धुतले, माझ्यासमोर मांडी घातली, भात कालवला, आणि बोलता बोलता काटे काढत माझ्या तोंडात असे भराभर घास कोंबले की मला "पुरे" म्हणायलाही जागा मिळाली नाही. चौपाटीला निघालेला नवरा चपला घालता घालता दारातच थांबून बघत होता.

"वन्सं, उद्या माझी ड्युटी आहे," ती निघताना म्हणाली. "रात्री पुरतील एवढे दोन बांगडे आहेत अजून." मग त्याच्याकडे वळून, "भावोजी, आता हे तुमच्यावर."

रात्री मी स्वतःहून म्हटलं, "वरण-भातच दे मला. उद्या बघू."

त्याने सरळ गॅस पेटवला. तिखलं गरम केलं. खिडकी उघडली, पंखा लावला, ताट घेऊन माझ्यासमोर बसला आणि तोंडाने श्वास घेत बोटाने बांगड्याला नुसतं टोचलं. परीक्षेत प्रश्न न कळलेल्या मुलासारखा चेहरा.

"कुठून सुरू करतात?"

"आधी वरखालच्या कडा काढ. तिथे बारीक काटे असतात. मग मधली रेघ दिसेल, तिथून वरचं मांस अलगद सुटं कर."

त्याने केलं. पहिला घास म्हणजे नुसता चुरा होता, पण त्यात एकही काटा नव्हता. दुसरा बरा. तिसऱ्या घासाबरोबर मी काहीतरी चावलं आणि माझी जीभ एकदम बधिर झाली.

"अले, तिल्फळ!"

"काय?"

"तिल्फळ घातलंश तोंदात! ते काडायचं अशतं!"

तो घाबरून पाणी आणायला धावला, आणि माझं बोलणं नीट ऐकू आल्यावर हसत ओट्याला टेकला. "मला वाटलं मिरी आहे," तो म्हणाला. "सुपात मी घालत नाही म्हणून तुझी रोज तक्रार."

परत बसला तेव्हा शेपटीकडून त्याने काटा उचलला आणि तो अख्खाच्या अख्खा, डोक्यापर्यंत, सरळ सुटून आला. तो त्याने दिव्यासमोर धरला. मला वाटलं, झालं, आता किळस येणार.

"हे किती सुंदर आहे गं," तो म्हणाला. "बघ ना. एका कण्यावरून कशा निघाल्यात या रेषा. आयुष्यभर मुलांना पान काढायला शिकवलं. हे का नाही काढायला लावलं कधी?"

"तुला वास नाही येत का?"

"येतो की. भयंकर येतो." आणि त्याने दुसरा बांगडा ताटात घेतला.

त्यानंतर आमच्या घरी मजाच झाली. भाऊ कामावर जाताना डबा देऊन जायचा. मांदेली कुरकुरीत तळली की काट्यांसकट खातात हे कळल्यावर नवरा जरा हिरमुसला. पापलेट त्याला फारच सोपं वाटलं. "यात काय करायचं?" म्हणाला. पेडवे मात्र त्याला फार आवडले, कारण त्यांत काटेच काटे. चष्मा नाकावर ओढून, नारळाच्या दुधाची सोलकढी माझ्या बाजूला ठेवून, तो तासभर एका ताटाशी बसायचा. सोलकढी करायलाही तो शिकला. ती तो स्वतःही प्यायचा, माझ्यापेक्षा जास्तच. शिवाय मी जे जे खाल्लं ते माझ्या उजव्या प्लास्टरवर काढायचा. कोपराखाली बांगडा, मनगटाजवळ मांदेलीची रांग. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर एक्स-रे बाजूला ठेवून आधी माझा हातच वाचत बसले.

प्लास्टर निघालं. हात बारीक झाले होते आणि बोटं रुसल्यासारखी वागत होती, पण हाड चांगलं जुळलं होतं. पहिला घास मी माझ्या हाताने खाल्ला तो दहीभाताचा. अर्धा मांडीवर सांडला, तरी मला फार आनंद झाला. थोडं वाईटही वाटलं.

मग आईने आम्हा दोघांना लालबागला जेवायला बोलावलं. तिथे जावयासाठी नेहमी वालाची उसळ वेगळी व्हायची आणि त्याचं पान बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळ मांडायचे. त्या दिवशी त्याने ते पान स्वतःच उचललं आणि आत येऊन आईच्या शेजारी बसला. आईला आताशा नीट दिसत नाही. काट्याच्या भीतीने तिने बांगडा सोडून कित्येक वर्षं झाली होती. तिला बोंबील नाहीतर पापलेट.

त्याने वहिनीकडे हात पुढे केला. "वहिनी, एक बांगडा द्या."

वहिनी वाढायची थांबली. "तुम्हाला, भावोजी?"

"आईंना."

त्याने शेपटीकडून काटा उचलला, कडा साफ केल्या, तिरफळं आठवणीने बाजूला सारली आणि पांढरं मांस आईच्या भाताशेजारी ठेवलं. आईने बोटांनी चाचपून पाहिलं.

"जावयबापू, ह्यात काटो नाय मा?"

"नाही आई. खा तुम्ही निर्धास्त."

तिने खाल्लं. सावकाश, डोळे मिटून. भाऊ, वहिनी, मी, सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. मग तिने ताट त्याच्याकडे सरकवलं.

"आणखी एक काढा," ती म्हणाली.

त्याची उसळ निवून गेली होती. वहिनी ती गरम करायला उठली, आणि त्याने चष्मा नाकावर ओढला.