ऐन दिवाळीत कवट्या

“मॅडम, त्या कवट्या आधी उतरवा. ऐन दिवाळीच्या तोंडावर पालक फोन करून राहिले.”

आमच्या क्लासचे संचालक राऊत सर दारातूनच बोलले. मी स्टुलावर चढून पताका बांधत होते. अमरावतीत मी स्पॅनिश शिकवते. भाषा शिकायची तर त्या लोकांच्या घरात, सणांत शिरावंच लागतं, याबाबत मी हट्टी आहे. तेव्हा वर्गात मेक्सिकोची ओफ्रेंदा चालू होती. ओफ्रेंदा म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसांसाठी सजवलेलं टेबल. त्यावर त्यांचे फोटो, मेणबत्त्या, झेंडू आणि आवडीचं जेवण ठेवतात. वर कातरकामाच्या कागदी पताका आणि रंगीत, हसऱ्या कवट्या. आमच्या कवट्या मुलांनी कागदाच्या लगद्यातून केल्या होत्या आणि फार गोड झाल्या होत्या.

“उतरवणार नाही,” मी म्हटलं. “तोंडी परीक्षेत यावरच बोलायचंय.”

सरांनी मग आपल्या पद्धतीने मार्ग काढला. तक्रार करणाऱ्या पालकाला फोनवर म्हणाले, “अहो, भुताखेताचं काही नाही. आपलं श्राद्धच समजा!” पालक शांत झाले. खूश होऊन सरांनी तेच वाक्य पालकांच्या ग्रुपवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा वानखडे आली नाही. ती माझी सगळ्यात तयारीची विद्यार्थिनी. पुण्याच्या एका कंपनीतली तिची नोकरी या परीक्षेवर अडकली होती. फोनवर रडतच म्हणाली, “बाबा म्हणतात, क्लास बंद.”

सरांचा असा राग आला की त्यांच्याशी न बोलताच मी प्रज्ञाच्या गावची, दर्यापूरची बस पकडली.

प्रज्ञाचे वडील शाळेत शिक्षक. त्यांनी चहा दिला आणि मग सरळ मुद्द्यावर आले.

“माह्या बाबानं छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, मॅडम. तवापासून आमच्या घरात श्राद्ध नाही. अन् तुमी माह्या पोरीले मेलेल्या मानसाचं ताट वाढाले शिकवून राहिल्या?”

“ताट मेक्सिकोतले लोक वाढतात. तिला ते स्पॅनिशमध्ये सांगता यावं, एवढंच.”

“मंग तुमच्या सरानं श्राद्ध कावून म्हटलं?”

“दुसऱ्या एका पालकाची समजूत घालायला.”

“अन् माही समजूत कोन घालन?”

मला हसू आलं, पण आवरलं. म्हटलं, “परीक्षक विचारतील, तुमच्याकडे कशी पद्धत असते? तेव्हा प्रज्ञानं काय सांगावं?”

ते भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बघत राहिले. “आमी फुलं वाहतो, मेनबत्ती लावतो, वंदना घेतो. जेवन ठेवत नाही. कावून ठेवत नाही, तेही सांगावं. पन हे सारं स्पॅनिशमधे जमन काय तिले?”

“जमेल. नाही जमलं, तर खुशाल क्लास बंद करा.”

“मी ऐकाले येतो.”

ते खरंच आले आणि शेवटच्या बाकावर बसले. टेबलाच्या एका बाजूला मेक्सिकोचं भरलेलं ताट होतं. दुसऱ्या बाजूला प्रज्ञानं आजोबांचा फोटो, फुलं आणि एक मेणबत्ती, एवढंच ठेवलं. मग ती बोलायला लागली. मेक्सिकोत गेलेल्यांना जेवायला बोलावतात, आमच्या घरी नाही. माझ्या आजोबांनी ती रीत स्वतः विचार करून सोडली, म्हणून आज मी इथे शिकते आहे. ती कुठेच अडखळली नाही.

वानखड्यांना त्यातलं फक्त आपल्या वडिलांचं नाव कळलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मी अर्थ सांगायला गेले तर म्हणाले, “तुमी नका सांगू. घरी गेल्यावर तिच्याच तोंडून ऐकतो.”

प्रज्ञा परीक्षेत पास झाली. आता पुण्यात नोकरी करते.

परकं काही समजावताना ‘आपल्यासारखंच आहे’ म्हणणं फार सोपं असतं. ते ‘आपलं’ म्हणजे वर्गातल्या नेमकं कुणाकुणाचं, हे विचारल्याशिवाय मी आता कुणालाच ते म्हणू देत नाही. राऊत सरांना तर विचारल्यावरही नाही.