खासबागेतल्या लिफ्टचा ब्रेक

खासबागेतल्या त्या लिफ्टचा विषय निघाला की माझी मलाच लाज वाटते. स्वराज्याला अजून दोन-चार वर्षं होती आणि मी बेळगावात फौजदार होतो. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याने खासबागेत चार मजली घर बांधून आत दोर ओढून चालणारी लिफ्ट बसवली होती. लोक तिला पाळणा म्हणत. तिच्या देखभालीला काकतीचा एक मिस्त्री होता.

खंडेनवमीच्या दुपारी ती लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून खाली आदळली. आत मालकांची थोरली बहीण होती. सगळे तिला आक्का म्हणत. लहानपणीच विधवा झालेली, गुडघ्यांनी अधू. तिचे दोन्ही पाय मोडले, शुद्ध हरपली. वाचेल की नाही, डॉक्टर सांगेनात.

पंचनामा चालू असतानाच शेजारच्या वकिलांनी मला बाजूला घेतलं. "गेल्या आठवड्यात मिस्त्रीचं नि मालकांचं जोरात वाजलं. 'एक दिवस पडंल, मग कळंल,' असं म्हणत गेला तो. माझ्या कानांनी ऐकलंय!"

मी माळ्यावरच्या खोलीत गेलो. तिथं लिफ्टचं मोठं चाक होतं आणि ते थांबवणारा लाकडी ब्रेक. दोर शाबूत होता, पण ब्रेक तेलाने निथळत होता. चाकावर झेंडूचं फूल होतं. ब्रेकला तेल लागलं की तो चाक धरत नाही, हे मिस्त्रीशिवाय कोणाला ठाऊक असणार? म्हटलं, सापडला गडी. मॅजिस्ट्रेटकडून त्याची कोठडी घेतली.

"पडंल असं बोललास का?"

"व्हय साहेब. आठवड्यात एक दिस पाळणा बंद ठेवा, ब्रेक तपासायचा हाय, म्हणत हुतो. मालक ऐकंनात."

"मग नवमीला वर कशाला गेलतास?"

"न्हाय गेलो. त्या दिशी आम्ही हत्याराला हात लावत न्हाय."

"मग तेल काय आकाशातनं पडलं?"

मी दोन ठेवून दिल्या. "आक्का गेली तर फासावर जाशील, कळतंय का?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड उघडलं नाही. माझा संशय आणखी पक्का झाला.

तिसऱ्या दिवशी आमचे म्हातारे हवालदार टेबलाशी आले. ठाण्यातल्या बंदुकांची पूजा दरवर्षी तेच करत. "साहेब, एक इचारू? त्या घरात विळी, कुऱ्हाड, शिलाईचं मशीन, समद्याला हळदकुंकू हाय. चाकाला फूल हाय, तेल हाय, पण कुंकू न्हाय. मिस्त्रीनं पूजा केली असती तर कुंकू सोडलं असतं व्हय?"

त्या घरात कुंकवाला हात न लावणारं माणूस एकच होतं. घरातल्या सगळ्यांचे जबाब मी घेतले होते, फक्त तिचा नाही. ती बोलायच्या स्थितीत नाही असं घरच्यांनी सांगितलं आणि मी मान डोलावली होती.

कोठडीत जाऊन आक्काचं नाव काढलं तसा मिस्त्री ढसाढसा रडला. "पंचनाम्याला वर न्हेलं तवा नुसतं फूल बघितलं, कुंकू न्हाय; तवाच वळखलं, साहेब. सणासुदीला तिला आधीच कोण पुढं येऊ देत न्हाय. ह्ये कळलं तर पांढऱ्या पायाची म्हणून घरात जगू देतील व्हय?"

दवाखान्यात आक्का शुद्धीवर आली होती. मालक उशाशीच उभे होते. मिस्त्री कोठडीत आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं तशी ती उठायला धडपडली.

"अगं बाई! त्याला सोडा आधी! तेल मी घातलं. पाळणा आला तवापास्नं मला गच्चीवरचं ऊन मिळालं. समद्या हत्यारांची पूजा झाली, त्याची कुणी केली न्हाई. म्हणून पाळण्यातनं वर जाऊन, माळ्याच्या पायऱ्या बसत-उठत, गुपचूप चढले." मग दबकत विचारलं, "माझी पूजा चुकली व्हय, बाबा?"

मालकांनी तोंड फिरवलं. मी म्हणालो, "पूजा न्हाई चुकली, आक्का. माझा तपास चुकला."

आक्का जगली, कुबड्या घेऊन का होईना. अपघात अशी नोंद करून मी प्रकरण मिटवलं. पुढं नोकरीभर माणूस गप्प बसला की आधी बघायचो, तो कोणासाठी गप्प आहे. त्या मिस्त्रीची माफी मात्र मी मागितली नाही. फौजदार होतो ना!