समोर उभ्या माणसाची सही

गल्लीत त्यांना सगळे कडक काकू म्हणत. लाँड्रीचं दुकान त्यांचं, आणि त्यांनी कांजी घातलेली कॉलर गळ्याला टोचते अशी लोकांची लाडकी तक्रार. नवरा परदेशात एका बेकरीत भट्टीवर कामाला. एका पहाटे तेल सांडलेल्या फरशीवरून तो घसरला आणि खुब्याचं हाड मोडून बसला. तिकडे त्याचं स्वतःचं म्हणावं असं कुणी नव्हतं. त्याला उठवायला, बसवायला, मोरीपर्यंत न्यायला हक्काचं माणूस हवं होतं.

पत्नी म्हणून काकूंना तिकडे जाता येणार होतं. त्यासाठी लग्नाच्या दाखल्यावर आपल्याकडच्या प्रमाणीकरण कार्यालयाचा शिक्का लागणार होता. दाखला खरा आहे, एवढंच तो शिक्का सांगणार. काकूंना वाटलं, यात काय अवघड? लग्न खरं, दाखला खरा, नवरा तर त्याहून खरा.

खिडकीवरच्या कारकुनाने दाखला उजेडात धरला, कपाटातली एक फाइल चाळली आणि दाखला परत सरकवला.

"या निबंधकांच्या सहीचा नमुना आमच्याकडे नाही. सही ताडून बघितल्याशिवाय शिक्का नाही."

"म्हणजे मी काय करू?"

"जिथे नोंदणी झाली तिथून खात्रीचं पत्र येऊ द्या."

काकू विवाह नोंदणी कार्यालयात गेल्या. तिथल्या बाई म्हणाल्या, सही करणारे साहेब कधीच निवृत्त झाले. पत्र टपालाने जाईल, तुम्ही घरी जा. काकू घरी गेल्या. पत्र निघालं की नाही कुणास ठाऊक, पण खिडकीपाशी काही पोहोचलं नाही. त्या पुन्हा पुन्हा विचारायला जात आणि प्रत्येक वेळी कारकून मान न उचलताच "नाही आलं" म्हणे. दुकानात एखाद्या गिऱ्हाईकाने असं उत्तर दिलं असतं तर काकूंनी त्याचा शर्ट त्याच्या अंगावर फेकला असता. इथे त्या गिळून बसायच्या. काम अडलेल्या माणसाची जीभही अडते.

अशाच एका दुपारी त्या कार्यालयातल्या बाकावर बसल्या असताना नवऱ्याचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"अगं, झालं ऑपरेशन. सकाळीच नेलं होतं."

"सकाळी? आणि सोबत कोण होतं?"

"बेकरीचा ड्रायव्हर आला होता. त्याला गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून तो खालीच होता."

काकूंनी फोन ठेवला. समोर खिडकीवर "जेवणाची सुट्टी" अशी पाटी टांगलेली होती.

त्या उठल्या त्या थेट नोंदणी कार्यालयात. शिपायाला धरून त्यांनी निवृत्त निबंधकांचा पत्ता काढला. साहेब घरी कुंड्यांना पाणी घालत होते. सगळं ऐकून त्यांनी झारी खाली ठेवली.

"माझी सही ओळखत नाहीत? चला, मीच येतो!"

नोकरीतला कोट अंगावर चढवून ते निघाले. कोटाला बरेच दिवसांत इस्त्री नव्हती, पण काकूंनी तिकडे बघितलंही नाही.

खिडकीशी साहेबांनी छाती पुढे काढली. "ही सही माझी आहे."

"असेल," कारकून म्हणाला. "नमुना नाही."

"मी समोर उभा आहे! कागद द्या, पाहिजे तेवढ्या सह्या करून देतो."

"तुम्ही आता पदावर नाही. आत्ता दिलेला नमुना चालत नाही."

"मग मी लावलेल्या लग्नांचं काय? ती मोडली का?"

"लग्नाबद्दल मी काही म्हटलेलं नाही. मी सहीबद्दल बोलतोय."

साहेब लाल झाले. मग, जन्म अशाच टेबलामागे गेलेल्या माणसासारखा त्यांनी जरा विचार केला. "समजा, आत्ताच्या निबंधकांच्या सहीने दाखल्याची नवी नक्कल काढून आणली तर?"

"तर काय, लगेच शिक्का. त्यांचा नमुना आहे की आमच्याकडे."

काकूंच्या कानात गरम वाफ गेल्यासारखं झालं.

"हे तुम्हाला पहिल्या दिवशी माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाही."

काकूंनी दाखला उचलला. साहेबांना घेऊन त्या नोंदणी कार्यालयात गेल्या. नव्या निबंधकांनी नक्कल काढून दिली, तोवर साहेबांचा चहासुद्धा संपला नव्हता. दोघं परत खिडकीशी आल्यावर कारकुनाने सही ताडली, शिक्का मारला आणि दाखला पुढे केला.

"झालं ना तुमचं काम? उगाच चिडचिड करता."

मग मात्र काकूंचा बांध फुटला. "माझं काम? माझा माणूस तिकडे एकटा चिरफाडीला गेला, आणि तुम्ही इथे एक वाक्य राखून बसला होतात! त्याला काय व्याज मिळणार होतं? तोंड उघडायला तुम्हाला कुठल्या साहेबांची सही लागते?"

"बाई, आवाज खाली."

"तुमच्यापुढे खालीच होता इतके दिवस. काय मिळालं?"

त्यांनी खिडकीकडे पाठ फिरवली आणि रांगेकडे बघून विचारलं, "कुणाच्या दाखल्यावर जुन्या निबंधकांची सही आहे? दाखवा इकडे!"

लोक आधी बिचकले. मग एका म्हाताऱ्या बाईने पिशवीतून कागद काढला. साहेबांनी चष्मा लावला. "माझीच." मागच्या जोडप्याने दाखला पुढे केला. "हीपण माझीच. थांबू नका इथे, नवी नक्कल काढून आणा." बघता बघता रांगेतली बरीच माणसं दाराकडे वळली. शिपाई "रांग मोडू नका" म्हणत त्यांच्या मागे धावला.

रस्त्यावर येऊन काकूंनी नवऱ्याला फोन लावला.

"अहो, शिक्का मिळाला. तिकीट बघते."

"मग अशी धापा का टाकतेस? भांडलीस की काय?"

"भांडले. उशिरा भांडले."

मग तो म्हणाला, "ये लवकर. उजव्या कुशीवर वळता येत नाही मला."