शिरूर ते दौंड, मधल्या सीटवर

आमच्या घराच्या जिन्याला बेचाळीस पायऱ्या आहेत. शुक्रवारी सकाळी मी त्या उतरले तेव्हा आई वरून बघत होती, आणि संध्याकाळी चढतानाही ती बघणार होती. तसं ठरलंच होतं. एका संस्थेच्या दोन शाळांत, रोज सकाळी शिरूरला आणि दुपारी दौंडला, इंग्रजी शिकवायची नोकरी मला मिळाली होती. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या कमरेतली चकती सरकली होती आणि मी तीन आठवडे पाठीवर पडून काढले होते. आई ते विसरलेली नाही.

"एकदा सगळी फेरी करून ये, रोज करावी लागेल तशीच," ती म्हणाली. "भिंत न धरता वर आलीस तर सोमवारी रुजू हो. धरलीस तर मी स्वतः फोन करून नाही म्हणून सांगते."

मला काळजी नव्हती. बसायचं कसं, हे या दोन वर्षांत मी नीट शिकले होते.

म्हणून घराजवळ येरवड्यात वाटेत बस न पकडता, ती सुटते त्या स्टँडवर मुद्दाम उलटी गेले. एसटी रिकामी मिळाली तरच जागा निवडता येते. शेवटचं बाकडं नको, तिथे प्रत्येक खड्डा मणक्यात येतो. मागच्या चाकावरची सीट नको, तिथे गुडघे छातीशी येतात. दरवाजामागची पहिली सीट नको, ब्रेक लागला की धरायला समोर काही नसतं. मी मधली पाचवी सीट घेतली, डावीकडची, कारण शिरूरकडे जाताना सकाळचं ऊन उजवीकडून येतं. दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, कंबर सीटच्या पाठीला लावली, सॅक मांडीवर घेतली. कंडक्टरनं तिकीट देताना माझ्याकडे दोनदा पाहिलं.

"परीक्षेला निघालाय का, ताई?"

"हो," मी म्हणाले. अनोळखी माणसांशी मी एवढंच बोलते.

कोरेगाव भीमाला नदीचा पूल ओलांडला. रांजणगावच्या अलीकडे कंपन्यांच्या बस भेटू लागल्या. रात्रपाळी संपवून निघालेली माणसं आत झोपली होती, एकजात माना खांद्यावर टाकून. त्यांच्या मानांचं काय होत असेल, असा विचार करत मी शिरूरला उतरले. पाठीची काही तक्रार नव्हती. शाळा लांबूनच पाहिली, मिसळ खाल्ली आणि दौंडच्या रस्त्याला लागले.

त्या वेळेला एसटी नव्हती. न्हावऱ्यापर्यंत वडाप (माणसं भरली की सुटणारी जीप) आणि तिथून दुसरी, असं कळलं. मी मधल्या रांगेत चढणार, तेवढ्यात ड्रायव्हरनं माझ्या हातातली फाइल पाहिली.

"म्याडम, तुम्ही म्होरं या. आबा, उठा वाईच, बाई शाळंतल्या दिसत्यात."

पुढच्या सीटवरचे म्हातारे आबा लगेच उठले. धोतर सावरत म्हणाले, "बसा बसा. शिकल्याल्या मानसानं मागं बसू न्हाई."

मला नको म्हणायचं होतं. पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चौघं होते. गिअरच्या दांड्यामुळे मला एका कुशीवर, अर्ध्या सीटवर बसावं लागणार होतं. पट्टा नव्हता आणि दार दोरीनं बांधलेलं होतं. हे सगळं मला उभ्या उभ्याच दिसलं. पण आबा जागा सोडून उभे होते आणि सगळी जीप माझ्याकडे बघत होती. मी थँक्यू म्हणून बसले.

न्हावऱ्याच्या अलीकडे एक गतिरोधक आहे. त्यावर पांढरे पट्टे नाहीत. जीप उडाली, मी उडाले, आणि खाली आले ती डाव्या कुशीवर. कमरेतून निघालेली कळ पार घोट्यापर्यंत गेली.

न्हावऱ्याच्या फाट्यावर उतरून चहाच्या टपरीशेजारच्या दगडी कट्ट्यावर बसले. तेही चुकीचंच बसले, पुढे वाकून. जिन्याच्या पायऱ्या डोळ्यांसमोर येत होत्या. बाजूला पेरू विकून झालेली एक बाई रिकामी पाटी आवरत होती. पन्नाशीची, कपाळावर मोठं कुंकू.

"कंबर धरली व्हय?"

"नाही. बरी आहे मी."

"बरी हायेस तर रडतीस कशापायी? म्होरं बसली व्हतीस ना? मी बगितलं उतरताना."

मी मान हलवली.

"ती शीट मानाची हाय, सुखाची न्हाई. तिथं सरपंचाला बसवत्यात, नव्या नवरीला बसवत्यात, आन् मास्तरीनबाईला. सरपंचाला मिरवायचं असतंय. तुम्ही दोगी बोलत न्हाई म्हनून बसता."

मला हसू आलं आणि हसताना दुखलंही. तिनं पाटीतली चुंबळ (डोक्यावर ओझं घेताना खाली ठेवायची कापडाची गोल वळी) उचलली, माझ्या मागे आली आणि मला सरळ बसवून ती कमरेच्या खोलगट भागात बसवली. मग पाठ टपरीच्या खांबाला टेकवायला लावली.

"आता हलू नगंस. च्या पी."

तिचं नाव हिराबाई. बारा वर्षं ती याच रस्त्यानं जीपमधून ये-जा करते. ड्रायव्हरच्या मागची रांग, खिडकी सोडून दुसरी जागा, ही तिची जागा. मागच्या आडव्या बाकांवर बसायचं नाही, तिथे ब्रेक लागला की अख्खं अंग वळतं. मला हे सगळं वाचून ठाऊक होतं. ते समोरच्याला सांगायचंही असतं, हे मात्र मी वाचलं नव्हतं.

दहा मिनिटांनी घोट्यातली कळ ओसरून गुडघ्याच्या वर आली. दौंडची जीप लागली. ड्रायव्हर दुसरा, वाक्य तेच. "या म्याडम, म्होरं या."

हिराबाईनं माझ्याकडे बघितलं. तिनं बोलावं म्हणून मी थोडा वेळ थांबले. ती पदर सारखा करत राहिली.

"मामा, मी पुढे नाही बसणार," मी म्हणाले.

"का वो? आमच्या गाडीत काय खोट हाय?"

"गाडीत नाही. माझ्या मणक्यात आहे. मला मधल्या रांगेत, मधली जागा लागेल. आणि गतिरोधक आला की हळू घ्या."

आवाज माझा मलाच मोठा वाटला. मधल्या रांगेतला एक माणूस सरकला. पुढून कुणीतरी म्हणालं, "मनका व्हय? माजाबी गेलाय, ऊस तोडून." मग मागच्या बाकावरून आणखी एक कंबर, एक गुडघा आणि एक मान निघाली. ड्रायव्हर म्हणाला, "ही जीप हाय का दवाखाना?" तरी प्रत्येक गतिरोधकापाशी तो ओरडायचा, "म्याडम, आला," आणि गाडी जवळजवळ थांबवायचा.

हिराबाईची वाडी वाटेतच होती. ती उतरायला लागली तशी मी चुंबळ काढू लागले.

"ऱ्हाऊ दे पाठीला. पाटी रिकामी हाय. घरी एक जुनी हाय, दोन दिस चालंल. सोमवारी न्हावऱ्याला आन. मी हितंच बसती."

दोन्ही बाजूंनी ऊस, मग भीमेचा पूल, मग दौंड. मुख्याध्यापिकांनी मला त्यांच्या खोलीतला मऊ सोफा दाखवला. मी कोपऱ्यातली लाकडी खुर्ची मागून घेतली आणि का ते सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, वर्गात उंच स्टूल ठेवायला सांगते. एवढं सोपं होतं ते.

परतीला रेल्वे घेतली. डब्यात सरळ पाठीचं बाक मिळालं. अर्ध्या तासानं उठून दोन फेऱ्या मारायच्या, परत बसायचं. केडगावला कुणीतरी विचारलं, कुणाला शोधताय का. मी म्हणाले, नाही, पाठ मोकळी करतेय.

जिन्याशी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई वर दारात उभी होती. सॅक दोन्ही खांद्यांवर, उजवा हात मोकळा, भिंत डाव्या हाताला. विसाव्या पायरीवर पाय थोडा जड झाला. थांबले, श्वास घेतला, भिंतीला हात लावला नाही. बेचाळिसावी आली.

"दुखलं का?" आईनं विचारलं.

एरवी मी नाही म्हणाले असते. "न्हावऱ्याला दुखलं. चुकीच्या जागी बसले होते. नंतर जागा मागून घेतली."

तिनं मला आत घेतलं. मग तिचं लक्ष सॅकमधून डोकावणाऱ्या मळकट कापडाकडे गेलं.

"हे काय उचलून आणलंस?"

"चुंबळ. धुऊन ठेवायचीय," मी म्हणाले. "सोमवारी परत द्यायचीय."

आईनं चुंबळ सॅकमधून ओढून काढली. ती घेऊन मोरीकडे गेली, आणि नळ सोडल्याचा आवाज आला.