उजव्या मनगटावरचा दोरा

“कैची नका लावू. माहूरचा हाय त्यो!”

सुमनबाई नांदेडच्या आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या दारातच आडव्या आल्या. शिरूर अनंतपाळहून त्या नवऱ्याला, दत्तात्रयला, घेऊन आल्या होत्या. त्याच्या महाधमनीचा आतला पदर फाटला होता. याला डिसेक्शन म्हणतात. रक्त भिंतीच्या पदरांमध्ये शिरून खोटी वाट पाडतं. धमनी कधीही फुटू शकते.

मी परफ्युजनिस्ट. ऑपरेशनमध्ये हृदय थांबवतात, तेव्हा मशीनने रक्त फिरवतो. ते ज्या नळीतून शरीरात परत जातं, ती कॅन्युला. कॅन्युलातलं रक्त खोट्या वाटेला लागलं, तर मेंदू उपाशी राहतो. उजवा हात आणि मेंदूची उजवी बाजू महाधमनीच्या एकाच फांदीवर आहेत, म्हणून उजव्या मनगटातलं प्रेशर ते लगेच सांगतं.

तिथे दोरा होता. सिस्टरने प्रेशरची लाइन डाव्या हातात घातली होती.

“डावीकडे आकडा दिसतोय ना? चला,” सर्जन म्हणाले.

“सर, उजवाही लागेल.”

“तुमच्या आकड्यांसाठी धमनी थांबणार आहे का?”

मी बाईंकडे वळलो. “कापत नाही, ताई. तुम्हीच सोडा.”

त्यांनी दातांनी गाठ सोडली आणि दोरा स्वतःच्या मनगटाला गुंडाळला. सिस्टरने उजव्या मनगटातही लाइन घातली. तीन मिनिटं गेली. सर घड्याळाकडे बघत होते.

घाई होती, म्हणून कॅन्युला जांघेतल्या धमनीत घातली. तिथे ती लवकर बसते. मी पंप सुरू केला. डावा हात ६२. उजवा ५८. मग ४१. मग २६.

“सर, उजवा पडतोय.”

“डावा?”

“बासष्टच.”

सरांनी मॉनिटरकडे पाहिलं. “थांबवा.”

हृदय अजून चालू होतं, म्हणून थांबता आलं. सरांनी उजव्या खांद्याखालची धमनी उघडून तिला कापडी नळी शिवली आणि कॅन्युला त्या नळीत बसवली. चौदा मिनिटं लागली. मी पंपाच्या बटणावरचा हात काढला नाही. नळीत हवेचे बुडबुडे नाहीत हे तपासून पुन्हा सुरू केलं.

उजवा ४४. ५५. ६०. डावा ६१.

“आता बोला,” सर म्हणाले.

“बरोबर आहे, सर.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आयसीयूत मी दत्तात्रयला डाव्या हाताने माझं बोट दाबायला सांगितलं. मेंदूची उजवी बाजू डावा हात चालवते. त्याने जोरात दाबलं.

“उजवा धरा की, साहेब,” सुमनबाई म्हणाल्या. “दोरा त्या हाताचा हाय.”

सरांनी चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढवली: ‘दोन्ही हातांत लाइन.’ तिच्याखाली सिस्टरने पेनाने लिहिलं: ‘दोरा सोडायला घरचं माणूस आधीच बोलवा.’