पोरीला रडू द्यायचं नाही

धसईकडच्या आमच्या वाडीत माझा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मी ओट्यावरून हाक मारली की खालच्या शेतातला माझा नवरा ती ऐकतो आणि न ऐकल्यासारखं करतो. भाजीवाल्याशी घासाघीस असो की पोरांना जेवायला बोलावणं असो, हळू बोलणं मला जमलेलं नाही. अशा बाईच्या घरात देवानं जिला रडू द्यायचं नाही अशी पोर पाठवली. ही त्याची थट्टा होती की शहाणपण, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शहापूरच्या बाजूला एक संस्था आहे. ज्यांना कुणी नाही अशी मुलं तिथं सांभाळतात आणि त्यांना दत्तक आईबाप शोधून देतात. फार नाजूक असलेली मुलं मात्र आईबाप मिळेपर्यंत एखाद्या घरात वाढवायला देतात. तिथल्या एक ताई कधीमधी माझ्या नवऱ्याच्या जीपमधून यायच्या. तो धसई ते मुरबाड प्रवासी जीप चालवतो. एकदा ताईंनी वाटेत विचारलं, तुमचे दोन्ही मुलगे कल्याणला नोकरीला लागले, घर रिकामं झालं असेल, एक बाळ सांभाळाल का? यानं स्टेअरिंगवर हात ठेवूनच होकार दिला. मला संध्याकाळी सांगितलं, तेही जेवण झाल्यावर.

"मला इचारला का?" मी ओरडले.

"तू नाय बोलली असतीस का?" तो म्हणाला.

मी भांडी जरा जास्त आपटली.

पोर आली तेव्हा वर्षाची होती, पण अंगानं सहा महिन्यांची दिसे. ओठ जांभळं खाल्ल्यासारखे निळे. संस्थेनं तिला चांगलं लांबलचक नाव दिलं होतं, पण आम्ही तिला 'पोरी' म्हणायचो आणि ती त्यालाच ओ द्यायची. तिच्या काळजाला भोक होतं आणि फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद होती. ताईंनी औषधं समजावून सांगितली आणि मग माझा हात धरून म्हणाल्या, "एक गोष्ट मात्र विसरू नका. हिला जोरात रडू द्यायचं नाही. रडली की निळी पडेल. पडलीच, तर गुडघे दुमडून छातीशी घट्ट धरायचे आणि आपण शांत राहायचं."

गुडघ्यांचं मला कळलं. आपण शांत राहायचं, ते मला शिकावं लागलं.

पहिल्यांदा ती निळी पडली ती एका कोंबड्यामुळे. त्यानं तिच्या हातातली भाकर पळवली आणि ती रडली. रडता रडता आवाज बसत गेला, ओठ काळसर झाले, मान टाकली. मी तिचे गुडघे छातीशी दाबून ओट्यावर बसले. माझं स्वतःचं काळीज तेव्हा कुठं होतं, मला माहीत नाही. हळूहळू रंग परत आला. तिनं डोळे उघडून पहिल्यांदा कोंबडा कुठं आहे ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या कोंबड्याचा रस्सा झाला.

तेव्हापासून वाडीचा कायदा झाला की पोरीला रडवायचं नाही. ती ज्याच्याकडे बोट दाखवेल ते तिला मिळायचं. शेजारच्या काकूंच्या नातवानं आपला लाल ट्रॅक्टर स्वतःहून दिला. माझा नवरा घराजवळ आल्यावर हॉर्न वाजवायचा बंद झाला. आणि मी, जिची हाक खालच्या शेतापर्यंत जायची, ती घरात कुजबुजायला लागले. लोक माझी चेष्टा करायचे, "गो, तुजा घसा बसला का?" तळहाताच्या फोडासारखं जपणं म्हणतात, ते आम्ही खरोखर केलं. पोर अर्थात पुरती लाडावली. तिला कळून चुकलं होतं की नुसता खालचा ओठ मुरडला तरी सगळी वाडी धावते.

एकच गोष्ट राहिली, ती कान टोचायची. काकू येता-जाता म्हणायच्या, "पोरीची जात, आन् कान भुंडे? बरा नाय दिसत." मी मुरबाडच्या सोनाराकडून तारेच्या इवल्याशा सोन्याच्या बाळ्या घेऊन ठेवल्या होत्या. पण रडल्याशिवाय कुणाचे कान टोचले गेलेत? बाळ्या डबीत राहिल्या, डबी कपाटात राहिली. एखाद्या दुपारी मी ती उघडून बघायचे आणि परत ठेवायचे.

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन वाढलं की ऑपरेशन. मऊ भात, वरण, नाचणीची पेज असं करत मी तिचं वजन वाढवत होते. तेवढ्यात ताई सांगत आल्या की इटलीतल्या एका जोडप्यानं आपल्या पोरीला पसंत केलं आहे. तिचं काळीज असं आहे हे माहीत असून पसंत केलं आहे. इथल्या आणि तिथल्या डॉक्टरांचं बोलणं होऊन ऑपरेशन तिकडेच करायचं ठरलं.

"हितं काय डॉक्टर मेलं का?" मी म्हणाले.

ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ऑपरेशननंतर बरी होताना ती ज्या मांडीवर असेल ना, ती मांडी तिला कायमची हवी. तुमची सवय लागून परत तुटायला नको."

मुलगी परक्याचं धन, हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण ते लग्नाच्या वयाला ऐकायचं असतं, दुधाचे दात असताना नाही.

ती दोघं थंडीत आली. भात झोडून झालं होतं, शेतात वाल उभा होता, सकाळी सिद्धगड धुक्यातून निम्माच दिसायचा. मुरबाडला मुक्काम करून ती रोज माझ्या नवऱ्याच्या जीपनं आमच्याकडे यायची. बाई उंच, केस पोरासारखे कापलेले. तिचा नवरा सुतार होता. पहिल्याच दिवशी त्यानं आमचं कुरकुरणारं दार हलवून पाहिलं आणि खुणेनंच तेल मागितलं. ताई असल्या तर भाषांतर करायच्या, नसल्या तर आम्ही हातवारे करायचो आणि मोबाइल काहीतरी भलतंच बोलायचा.

बाईनं पोरीला घ्यायला हात पुढे केले. पोरीनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खालचा ओठ मुरडला. मी झडप घालून उचलली. बाईचे हात तसेच हवेत राहिले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण त्या दिवशी ती दोघं गेल्यावर मी विचार करत बसले. गायीपासून वासरू तोडतो तेव्हा ते हंबरतं, आपण कानावर हात ठेवतो, चार दिवसांनी ते चाऱ्याला लागतं. या पोरीला हंबरायची मुभा नव्हती. माझ्यापासून तुटताना ती रडली, आणि मुरबाडच्या पुढे जीपमध्ये, नाहीतर आभाळात त्या विमानात निळी पडली तर? तिला द्यायचं होतं, ते ठरलंच होतं. न रडवता द्यायचं होतं, आणि ते काम ताईंचं नव्हतं, त्या बाईचंही नव्हतं. ते माझं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाईला माझी रोजची साडी नेसवली. धुतलेली नाही, अंगावरून उतरवलेली, चुलीच्या धुराची आणि खोबरेलाची. ती उंच, त्यामुळे साडी पोटऱ्यांपर्यंतच आली, आणि काकू तोंडावर पदर दाबून हसत राहिल्या. मी तिला ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसवलं, पुढ्यात मोड आलेल्या वालाची टोपली दिली आणि सोलायचं कसं ते दाखवलं. बोलायचं नाही, बोलवायचं नाही, नुसतं सोलायचं.

पोर दमली की उकिडवी बसायची, या आजाराची मुलं बसतात तशी. चालता चालता ती त्या साडीपाशी आली, पदराचा वास घेतला आणि टोपलीजवळ उकिडवी बसली. बाईनं वाल चिमटीत दाबला, सालातून दाणा सुटकन उडाला आणि पोरीच्या कपाळावर बसला. पोर हसली. मग तिनं एक दाबला, तो बाईच्या नाकाला लागला. सगळी सकाळ दोघींनी तेच केलं. त्या दिवशी आमच्याकडे भाजीला वाल पुरले नाहीत. मी आत बसून दाराच्या फटीतून बघत होते. माझीच युक्ती चालली होती.

मग एका दुपारी मी विहिरीवर कपडे धूत असताना पोर ओट्याच्या पायरीवरून पडली. तिचं रडणं ऐकून मी साबणाच्या हातांनी धावले. पोचले तेव्हा बाई जमिनीवर बसली होती, पोर तिच्या कुशीत, गुडघे छातीशी घट्ट दुमडलेले, आणि ती आपल्या भाषेत काहीतरी हळू हळू म्हणत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण पकड ढिली पडली नव्हती. पोरीचा रंग माझ्या डोळ्यांदेखत परत आला. मी तिथं उभी होते, हातांवरून पाणी गळत होतं, आणि मला करायला काहीही उरलेलं नव्हतं.

त्या रात्री मी नवऱ्याला म्हणाले, "आता नेऊ दे."

जायच्या दिवशी वाडी गोळा झाली. मी सगळ्यांना आदल्या दिवशीच बजावलं होतं, "कुनी डोळ्यांतून पाणी काढलात तर याद राखा. तुमाला बघून ती रडंल." त्यामुळे निरोप असा झाला, की तसा मी कुठं पाहिला नाही. लोक येत होते, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत होते आणि वालाला यंदा शेंगा किती धरल्या ते बोलत होते. काकूंना राहवलं नाही, त्या गोठ्यामागे गेल्या आणि बऱ्याच वेळानं नाक लाल करून आल्या. मी बाईच्या हातात बाळ्यांची डबी दिली. आपला कान धरून दाखवला, मग छातीवर बोट ठेवून टाके घातल्यासारखं केलं. आधी हे, मग ते. तिला कळलं. तिनं माझा हात आपल्या गालाला लावला. मी तो ओढून घेतला, कारण आणखी थोडा वेळ राहिला असता तर माझाच कायदा मी मोडला असता.

पोरीला जीपमध्ये नेहमी झोप लागायची. म्हणून तिची झोपेची वेळ धरली होती. माझ्या साडीत गुंडाळून ती बाईच्या मांडीवर दिली, जीप दोनदा वाडीभोवती फिरली, आणि ती झोपल्यावर मुरबाडच्या रस्त्याला लागली. मी गेले नाही. उठल्यावर मी दिसले असते तर तिनं माझ्याकडेच झेप घेतली असती.

मग मी फोन पुढ्यात ठेवून ओट्यावर बसले. भाकरी केली नाही, गायीला पाणी दाखवलं नाही. बऱ्याच उशिरानं नवऱ्याचा फोन आला.

"कल्याणला आलो. उठली ती."

"मंग?"

"बाईच्या खांद्यावर हाय. इकडं तिकडं बघतं. नाय रडली."

मी देवापुढे साखर ठेवली. आणि मग मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. ती रडू नये म्हणून जीव टांगणीला लागला होता, आणि ती माझ्यासाठी रडली नाही म्हणून मी भिंतीला टेकून बसले. दोन्ही खरं होतं.

ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं, असं ताईंनी सांगितलं. फोटो आले. नळ्या लावलेली पोर, मग नळ्या काढलेली पोर, मग बर्फात टोपी घालून उभी असलेली पोर. पण फोटोला आवाज नसतो, आणि ओठांचा रंग फोनवर खरा कळत नाही. मी ताईंना प्रत्येक वेळी विचारायचे, "पर बरी हाय ना नक्की?"

पावसाळा सरता सरता एका दुपारी व्हिडिओ कॉल आला. नवरा जेवत होता. पडद्यावर सुतार बसला होता, त्याच्या मांडीवर पोर. गाल भरलेले, केस वाढलेले. बाईनं माझी डबी कॅमेऱ्यासमोर धरली आणि उघडून दाखवली. कान टोचणारी बाई शेजारी उभी होती. मला कुणीतरी सांगायला हवं होतं, मी तयारीत नव्हते.

कान टोचला. पोरीनं क्षणभर श्वास धरला आणि मग तोंड वासून असं भोकाड पसरलं की आमच्या घरातली मांजर उठून पळाली. माझे दोन्ही हात आपोआप पुढे आले. त्यांनी हवेतच तिचे गुडघे शोधले.

"गुडघं!" सवयीनं मी कुजबुजतच म्हणाले. "गुडघं धरा तिचं!"

कुणी गुडघे धरले नाहीत. पोर रडत होती, श्वास घेत होती आणि परत रडत होती. मी फोन डोळ्यांजवळ नेला. ओठ लालचुटुक होते. ती आणखी मोठ्यानं रडली आणि ते आणखी लाल झाले. मग ती वळली आणि दोन्ही हात पसरून त्या बाईच्या गळ्यात पडली. फोनकडे तिनं बघितलंही नाही.

नवरा ताटावरून उठून आला होता. त्याचे हात खरकटे होते, डोळ्यांना चष्मा नव्हता.

"काय झाला गो? कुनाचा आवाज?"

"आपली पोर," मी म्हणाले, आणि वर्षा-दीड वर्षात पहिल्यांदा माझा जुना आवाज निघाला, खालच्या शेतापर्यंत जाणारा. "रडतंय! चांगली जोरात रडतंय!"